मान, छाती, पाय

९ जानेवारी

ती. दादास,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत. तूही ठीक आहेस असं वहिनी फोनवर सांगते. मी फोन केला की तू तो तिच्या हातात देतोस आणि कुत्र्याला फिरवायला निघतोस. कुत्र्याच्या साखळीचा आवाज मला इकडे ऐकू येतो. पत्राचं बरं असतं. ते वहिनीच्या हातात द्यायचं म्हटलं तरी निदान पाकिटावरचं अक्षर बघावं लागतं.

इकडचं नवीन म्हणजे चष्म्याच्या दुकानात एक यंत्र आलंय. हनुवटी टेकवली की तेच नंबर सांगतं. त्यामुळे आता माझ्याकडे फ्रेम नाकावर बसवून देणं आणि "शोभतेय हो तुम्हाला" म्हणणं एवढंच काम उरलंय. शोभत नसली तरी म्हणते.

दुसरं नवीन ऐकून हसू नकोस. मी लांब पल्ल्याच्या स्वारीत नाव दिलंय. आठ मार्चला, चाळीस किलोमीटर. सत्तेचाळिसाव्या वर्षी! घोडी तबेल्यातलीच आहे, चौदा वर्षांची, करडी. सगळे तिला मावशी म्हणतात, कारण तिला कोणाचंच काही पसंत पडत नाही. गेली चार वर्षं मी तिच्यावर बसते आणि ती ते चालवून घेते.

नियम तुला सांगायला नकोत, पण लिहिले की मला पाठ होतील. वीस-वीस किलोमीटरचे दोन फेरे. प्रत्येक फेऱ्यानंतर डॉक्टरांची तपासणी. वीस मिनिटांत घोडीची नाडी चौसष्टच्या खाली यायला हवी आणि दुडक्या चालीत ती लंगडता कामा नये. पहिलं कोण आलं याला किंमत नाही. घोडी धडधाकट परत आणली की पास.

पहिले तीन आठवडे नुसतं चालणं, असं मास्तरांनी सांगितलंय. मास्तर म्हणजे आमचे तबेलावाले. रोज दुकानात जाण्याआधी एक तास. नंतर दर आठवड्याला थोडी थोडी दुडकी. मी स्वतःही आमच्या इमारतीचे चार मजले पाठीवर पिशवी घेऊन चढते-उतरते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना वाटतं माझं घरात भांडण झालंय.

तुला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मांड्यांची सालं निघतात, त्यावर तू काय लावायचास? आणि तुझा स्टेथोस्कोप अजून असेल तर देशील का? हाताने नाडी मोजताना मावशी हलते आणि माझे आकडे चुकतात.

त्या दिवसाबद्दल लिहायला हे पत्र नाही. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण स्टेथोस्कोप दे.

तुझी बहीण

---

२० फेब्रुवारी

ती. दादास,

पार्सल मिळालं. स्टेथोस्कोप, मलमाची डबी आणि तुझी सरावाची वही. चिठ्ठी नव्हती. पाकीट उलटं करून झटकलं, तेव्हा त्यातून फक्त कुत्र्याचे चार केस पडले.

मलमाने जादू केली. आता मी दुकानात माणसासारखी चालते. आधी गिऱ्हाइकं मलाच खुर्ची द्यायची.

मावशीची विश्रांतीची नाडी छत्तीस आहे. काल बारा किलोमीटर दुडकी करून उतरले तेव्हा ब्याण्णव होती, अकरा मिनिटांनी साठ. मास्तर म्हणाले, "ताई, म्हातारी तुमच्यापेक्षा तयार आहे." खरंच आहे ते. उतारावर मी तिच्यावरून उतरून बाजूने पळते, म्हणजे तिच्या पुढच्या पायांना आराम. खाली पोचल्यावर ती माझ्याकडे अशी बघते, की हिला कशाला आणलं होतं!

एक अडचण मात्र नाकी नऊ आणतेय. ती तिच्या निळ्या बादलीशिवाय कशातूनच पाणी पीत नाही. मी पाच रंगांच्या बादल्या करून पाहिल्या, ओढ्यावर नेलं, पाण्यात कोंडा कालवला. शेवटी हात टेकले. निळी बादलीच सगळीकडे न्यायची असं ठरलंय.

आता वहीबद्दल. मी ती पहिल्या पानापासून वाचली. रोजचे किलोमीटर, रोजची नाडी, तुझ्या तांबड्या घोड्याने किती खाल्लं, किती प्यायला. तुझं अक्षर किती नीट आहे रे. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या ऐंशी किलोमीटरच्या स्वारीच्या आदल्या दिवसापर्यंत वही भरलेली आहे आणि पुढे कोरी. पण शेवटच्या पानावर एक ओळ आहे, वेगळ्या शाईत. "हवा थंड असेल तर पाणी मान, छाती, पाय. मागच्या पुठ्ठ्यावर नाही." ही ओळ तू तेव्हा लिहिलीस की आता, मला कळेना. मी ती भिंगाखालीसुद्धा धरली. दुकानात भिंगांना तोटा नाही, पण कळलं नाही.

तेव्हा आता सांगतेच.

त्या दिवशी मी तुझ्या मदतीला होते आणि गार वारा सुटला होता. दुसऱ्या थांब्यावर तांबड्याची नाडी बहात्तरवर अडकली होती आणि सहा मिनिटं उरली होती. तपासणीचं कार्ड दाखवायला तू तंबूकडे गेलास आणि जाताना मला म्हणालास, "मान, छाती, पाय. बाकी कुठे पाणी नको." मी आधी तसंच केलं. नाडी सत्तर. माझं घाईचं तुला माहीतच आहे, उगाच का तू मला लहानपणापासून घाईबाई म्हणतोस. मी बर्फाच्या पाण्याची अख्खी बादली त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर, पार शेपटीपर्यंत ओतली. मग दुसरी. नाडी बासष्टवर आली. मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. ओलं दिसू नये म्हणून मी वर कांबळं टाकलं. म्हणजे चूक करतेय हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

तू आलास, त्याला चालवलंस, आणि चार पावलांत त्याचे मागचे पाय लाकडासारखे आखडले. तो घामाने थबथबला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाणी कुठे ओतलं?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, "मानेवर."

मग त्यांनी सगळ्यांदेखत तुला सुनावलं. जनावराच्या जिवावर हौस भागवता, वेग झेपत नाही तर येता कशाला. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस आणि मी शेजारी मूग गिळून उभी राहिले. तांबडा वाचला, पण महिन्याभरात तू तो देऊन टाकलास आणि पुन्हा खोगिरावर बसला नाहीस.

मध्यंतरी मी मास्तरांना आडून विचारलं, पाण्याने असं होतं का. ते म्हणाले, "होतंही, नाहीही. वेगानेही होतं, आणखी कशानेही होतं. जे बघितलं नाही त्याचं काय सांगू?" म्हणजे पाय माझ्यामुळेच आखडले का, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण मी खोटं बोलले, त्याबद्दल कोणाला विचारायची गरज नाही. दादा, मला त्याची लाज वाटते. रोज वाटते असं नाही, पण साखळी वाजली की वाटते.

आठ तारखेला थांब्यावर मास्तर असतील, बादली धरायला माणूस आहे. तरी तू ये. नियम एकच: पाणी कुठे ओतायचं ते तू सांगायचं आणि मी ऐकायचं.

तुझी धाकटी

---

१२ मार्च

दादा,

तू आला नाहीस. मी पहिल्या फेऱ्यानंतर कुंपणाकडे तीनदा बघितलं. मास्तर म्हणाले, "ताई, घोडी इकडे आहे."

आधी स्वारीचं सांगते, मग तुझ्याकडे बघते.

पहिला फेरा दोन तास वीस मिनिटांत झाला. आत आलो तेव्हा नाडी अठ्ठ्याऐंशी होती, नवव्या मिनिटाला अठ्ठावन्न. मान, छाती, पाय. हवा थंडच होती. निळी बादली मावशीने दोनदा रिकामी केली. तपासायला त्याच डॉक्टरबाई. केस पांढरे झालेत, आवाज तोच. त्यांनी मला ओळखलं नाही.

दुसऱ्या फेऱ्यात शेवटचे तीन किलोमीटर उरले असताना, दगडी उतारावर मावशीचा मागचा उजवा पाय घसरला. ती लगेच सावरली. मी उतरून पाय चाचपला. काही लागलं नव्हतं, सूज नव्हती. पण तिथून पुढे तिची चाल मला जराशी वेगळी लागली. डोळ्यांना नाही, बुडाखाली. मी पुन्हा खाली उतरले आणि तिला चालवत आणलं. वेळेत पोचलो. नाडी छप्पन्न! दुडकी चाल दाखवली, बाईंनी मान डोलावली, पेन उघडलं आणि कार्डावरून वर न बघता विचारलं, "वाटेत काही झालं?"

हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारतात. सगळे "नाही" म्हणतात.

दादा, माझ्या तोंडाशी "नाही" आलं होतं. दोन महिने जिने चढले होते मी. मावशीने माझ्या खांद्यावर नाक घासलं. तिला तिची बादली हवी होती, बाकी काही नाही. मी म्हणाले, "उतारावर मागचा उजवा घसरला. मला चाल वेगळी वाटतेय."

त्यांनी तिला परत पळवायला लावलं. मग कडक जमिनीवर, मग गोल. तिसऱ्या वेळी त्यांना दिसलं. कार्डावर "अपात्र" लिहून त्या म्हणाल्या, "नसतं सांगितलंत तर बहुतेक मला दिसलं नसतं." मग मी दुसरंही सांगून टाकलं, नऊ वर्षांपूर्वीचं, कांबळ्यासकट. मागे दोन घोडे खोळंबले होते तरी त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "घोडा आठवत नाही. त्या माणसाला मी फार बोलले, ते आठवतं. माझ्या वतीने त्यांना सांगा." म्हणून सांगतेय.

घरी येऊन पाय गरम पाण्यात टाकून बसले. वाईट वाटलं. खूप वाटलं, खोटं कशाला बोलू. पण झोप छान लागली.

आणि मंगळवारी तुझं पत्र आलं. शिक्का शनिवारचा. म्हणजे मी तुला कुंपणाशी शोधत होते तेव्हा ते टपालात होतं. चार-पाच ओळी:

"कांबळं काढलं तेव्हा खालून ओलं होतं. मला तेव्हाच कळलं. पहिले दोन टप्पे मी वेडा होऊन हाणले होते, तेही खरं. तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून गप्प बसलो. वहीतली ओळ त्याच रात्रीची आहे."

वाचून मी रडले. मग अशी चिडले की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खरंच भांडण आहे का बघायला येऊन गेल्या. नऊ वर्षं, दादा! तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं, आणि मधे बिचारी वहिनी फोन धरून उभी. मी भ्याले म्हणून बोलले नाही. तू मायेने बोलला नाहीस, मान्य. पण त्या मायेने तुझा घोडा गेला आणि मला तुझ्यासमोर धड बसता येईना. मी फोन केला की तू कुत्रा घेऊन का पळायचास, तेही आता कळलं. मी काही कबूल करून बसेन याची तुला भीती. त्या कुत्र्याचे पाय दुखले असतील एव्हाना.

आता माझं बोलून झालं. तुझंही झालं असेल तर पुढचं ऐक.

मावशीला तीन आठवडे विश्रांती. मग पुन्हा नुसतं चालणं. पुढची चाळीस किलोमीटरची स्वारी ऑक्टोबरात आहे. मी नाव दिलेलं नाही. काल तबेल्यात जाऊन मी तिचं खोगीर पुसलं आणि रिकिबीचे दोन्ही पट्टे चार भोकं खाली सोडले. तुझ्या पायांचं माप मला अजून आठवतं. मास्तरांना सांगितलंय, पट्ट्यांना कोणी हात लावायचा नाही. तू येऊन बसेपर्यंत मी ते वर घेणार नाही, म्हणजे मलाही बसता येणार नाही. निळी बादली मी धरीन.

आयुष्यभर मला घाईवरून बोललास. आता एकदा तू कर.

वाट बघणारी,
घाईबाई