नव्वद दिवसांची मुदत

३ मार्च
सही झाली. कासवाच्या कवचाची खरेदी-विक्री बंद — पण आजपासून नाही, नव्वद दिवसांनी. ही मुदत माझी. मसुद्यात ‘तत्काळ’ होतं, ते मी खोडलं. कारागिरांना हातातला माल संपवता यावा, असं कारण लिहिलं. साहेब म्हणाले, बाई, तुमचं मन फार मऊ. कोणते कारागीर, ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर एकच होता — दादा, कवचाचे कंगवे घासत बसलेला.

११ मार्च
दादाकडे जेवले. दोन वर्षांपूर्वी या बंदीची फाइल माझ्या टेबलावर आल्यापासून मी त्याच्या दुकानाची पायरी चढलेली नाही. घरी भेटतो, पण धंद्याचं मी बोलत नाही, तो विचारत नाही. वहिनी म्हणाली, बहीणभाऊ फक्त मीठ कमी की जास्त एवढंच बोलता.

२ एप्रिल
कवचाचा भाव तिप्पट. पुढे मिळणार नाही म्हणून व्यापारी गोदामं भरताहेत. अठरा वर्षं हेच काम करते — आणि एवढी साधी गोष्ट सुचली नाही!

१९ एप्रिल
किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्याचा फोन. कासवीण अंडी घालायला वाळूत आली की तिथेच धरतात. पूर्वी कोळी तिच्या वाटेला जात नसत, एका कवचात दिवसाची मजुरीही सुटत नसे. आता महिन्याची सुटते.

“बाई, ही बंदी आहे की आमंत्रण?”

नोंद घेते म्हटलं. घेतली.

२० एप्रिल
रडू आलं नाही. भांडी घासली, दूध तापवलं.

७ मे
मुदत आजच संपवावी, अशी टिपणी दिली. साहेब म्हणाले, व्यापाऱ्यांना शब्द दिलाय, ते कोर्टात जातील. मग चष्मा काढून म्हणाले, “मुदत तुम्हीच मागितली होती ना?”

हो.

१ जून
मुदत संपली. पहारेकऱ्याची यादी आली: या हंगामात वाळूवर आलेल्या कासविणी एकशे चाळीस, समुद्रात परतलेल्या अकरा. यादी फाइलला लावली. चहा घेतला. सगळे म्हणतात, चेहरा उतरलाय. मला काही वाटत नाही — बोट कापल्यावर आधी काही वेळ वाटत नाही, तसं.

निदान दादाचा माल तरी निघाला असेल. तेवढंच धरून बसले आहे.

४ जून
न कळवता दुकानात गेले. कवचाचा तुकडाही नव्हता. सगळीकडे लाकडी कंगवे, ओबडधोबड, लाकडावर हात न बसल्याचं सांगणारे.

“दोन वर्षं झाली सोडून,” दादा म्हणाला. “फाइल तुझ्याकडे आली कळलं, म्हटलं, माझ्यापायी तुझा हात अडायला नको.”

बरं केलंस, म्हटलं.