सोडायची खूण

४ जानेवारी

चि. टिल्लू यास,
अ. उ. आ.

फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहायला बसले. कागदावर तरी सरळ उत्तर देशील.

चिमी तुझ्याकडे राहायला गेल्यापासून घर खायला उठतं. दुकानात दिवसभर शिलाई मशीन चालवते, पण कुणाच्या शर्टाची कॉलर हातात आली की पाय आपोआप थांबतो. चिमीचा ज्युदोचा डगला मीच शिवला ना! कॉलर दणकट हवी म्हणालास, म्हणून आत जास्तीचं कापड घालून दुहेरी टीप मारली. मग तूच मजेत सांगितलंस की हीच कॉलर धरून गळा आवळतात. म्हणजे लेकीचा फास आईनेच शिवून दिला. हसू नकोस, मला खरंच भीती वाटते.

निवड स्पर्धा तोंडावर आली आहे आणि पोरीने ध्यासच घेतलाय, तेव्हा मी तिला अडवणार नाही. तिच्याशिवाय मला आहे तरी कोण, हे मात्र लक्षात ठेव. आवळताना जास्त झालं तर ते कळतं कसं, एवढं मला नीट समजावून सांग.

आणि तुझा हात बधिर होऊन झोपतो म्हणत होतास, तो उठला का?

आशीर्वाद आहेतच, सोबत काळजीही.
तुझी ताई

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा फास वाचून आधी हसलोच. आता सरळ उत्तर देतो.

आमच्यात एक खूण असते. सहन होईना की हाताने दोनदा थोपटायचं आणि समोरच्याने त्या क्षणी सोडायचं. त्याला टॅप म्हणतात. माझ्याकडे मूल आलं की सगळ्यात आधी टॅप शिकतं, बाकीचं मागाहून. दुसरीकडे खालच्या मॅटवर थोपटलं तरी चालतं. माझ्या वर्गात चालत नाही. हॉलमध्ये इतकी आदळआपट असते की मॅटवरचा आवाज कुणाला ऐकू जाणार! म्हणून ज्याने धरलंय त्याच्याच अंगावर थोपटायचं, हा माझा नियम. कान चुकेल, कातडी चुकत नाही.

मी मूळचा काडीपैलवान. शाळेतून रोज मार खाऊन यायचो, म्हणून तूच माझं बखोट धरून ज्युदोच्या सरांच्या पुढ्यात नेऊन उभं केलंस. पहिल्या स्पर्धेत मी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पाठीवर पडलो. तू भीतीने डोळे मिटून बसली होतीस, त्यामुळे घरी येईपर्यंत तुला मी जिंकलो असंच वाटत होतं! पुढे पदकं आली, मग गुडघा गेला आणि शिकवणं तेवढं उरलं. ते मला जिंकण्याहून गोड लागलं. आजवर माझ्या हाताखाली कुणालाही इजा झालेली नाही, हीच माझी कमाई.

चिमीच्या ताकदीचं इथे दुसरं कुणी नाही, म्हणून सरावाला तिच्याशी मीच झुंजतो. डावा हात अधूनमधून झोपतो खरा. काल चहाचा कप सुटला. वय झालं, दुसरं काय!

माया आहे तशीच राहू दे, काळजी जरा कमी कर.
तुझा टिल्लू

१८ जानेवारी

ती. आईस,
सा. न.

हे पत्र वाचून लगेच फोन करू नकोस. मामा शेजारीच असतो.

परवा मामा मुलांना गळ्याची पकड दाखवत होता. मला पुढे बसवून त्याने मागून धरलं आणि मुलांकडे बघत समजावून सांगायला लागला. पकड बसली तशी मी त्याच्या डाव्या हातावर टॅप केलं. तो बोलतच राहिला. मी पुन्हा केलं, जोरात केलं. मग कडेकडेने काळं होत आलं. शुद्धीवर आले तेव्हा मामा माझे पाय वर धरून बसला होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

डॉक्टरांनी तपासलंय, मी ठणठणीत आहे, तुझी शपथ. पण मामाने विचारलं की टॅप का नाही केलंस, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की विसरले. मग तो इतका चिडला की काही विचारू नकोस. सगळ्यांसमोर मला लहान पोरांच्या रांगेत बसवून टॅपचा सराव करायला लावला. मी मुकाट्याने केला.

आई, मी विसरले नव्हते. त्याला काही कळतच नव्हतं. खरं सांगितलं तर तो वर्ग बंद करेल, आणि वर्गाशिवाय मामा जगेल असं मला वाटत नाही. आता त्याने मागून धरलं की मला धडकी भरते. तरी जाते. त्याला सांगू नकोस, पण काहीतरी कर.

तुझीच,
चिमी

२१ जानेवारी

चि. टिल्लू यास,
अ. उ. आ.

आज चेष्टा करायचं त्राण नाही.

बाबांचा हातही आधी असाच झोपायचा. तू तेव्हा रांगत होतास. एक दिवस त्यांनी तापलेल्या इस्त्रीवर हात टेकला आणि तसेच माझ्याशी बोलत राहिले. मला वास आला, त्यांना काहीच कळलं नाही. मी ओरडले तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिलं. डॉक्टरकडे उद्या जाऊ म्हणता म्हणता ते अंथरुणाला खिळले. तुझं पत्र आल्यापासून तो वास माझ्या नाकातून जात नाही.

मला दोघांचीही भीती वाटते रे. तू माझ्या हातावर वाढलेला, आणि ती माझ्या पोटची. मला कुणी काय सांगितलं ते विचारू नकोस. फक्त एक कर. डोळे मिटून बस आणि चिमीला तुझ्या डाव्या हातावर टॅप करायला सांग. तोवर कुणाच्याही गळ्याला हात लावायचा नाही. ही विनंती नाही.

आशीर्वाद आहेतच, पण आधी एवढं कर.
ताई

२६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा राग आला होता. तो दाखवायलाच मी सगळ्या मुलांसमोर मॅटवर बसलो, डोळे मिटले आणि चिमीला म्हणालो की कर टॅप. वाट पाहिली. पोरगी कचरते आहे असं वाटून जरा दरडावलंच, की कर ना, घाबरतेस काय. माझ्या हॉलमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली की मामा, मी केव्हाची करतेय.

डोळे उघडले तर तिचा हात माझ्या हातावर होता. कातडी लाल झाली होती.

ताई, त्या दिवशी पकड दाखवताना तिचा जीव माझ्या या हातात होता आणि तिने सोड म्हटलेलं मला कळलं नाही. वर शिक्षाही मीच तिला केली! मी तिथेच मुलांना सांगितलं की चिमी विसरली नव्हती, मी सोडलं नाही. मग कमरेचा पट्टा सोडून तिच्या हातात दिला. शेजारच्या गावातले ज्युदोचे मास्तर उद्यापासून तिच्याशी झुंजायला येतील, मी मॅटबाहेर बसून ओरडेन. ओरडायला अजून येतं.

डॉक्टरांनी गुरुवारी बोलावलंय. आयुष्यभर पोरांना सांगत आलो की सहन होईना की खूण करा, त्यात लाज नाही. ही माझी खूण समज. मला फार भीती वाटते आहे. दुकान बंद ठेव आणि ये.

रागावलीस तरी लोभ तुटू देऊ नकोस. आणि दवाखान्यातल्या बाकावर माझ्या उजव्या बाजूला बस, म्हणजे तू हात धरलास तर मला कळेल.

तुझा टिल्लू