जावईबापू, आधी तुमी

रिठद, अधिक ज्येष्ठ, शनिवार

श्री. जगदेवभाऊ यांस जानरावचा रामराम. इकडे सर्व खुशाल. तुमचे गुडघे, तुमची म्हैस आणि वहिनी यांच्या प्रकृती कशा आहेत ते कळवावे (कोणत्याही क्रमाने). फोनच केला असता, पण अकरा वर्षांनी पहिला शब्द कोणी बोलायचा ही पंचाईत, म्हणून कागद. अबोल्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. ते इथे नको.

पत्रास कारण की, आमचे जावई पवनराव उद्या धोंड्याचं जेवायला येत आहेत आणि माझा जीव एकदाचा भांड्यात पडला आहे. पंधरा दिवस तो भांड्याबाहेरच होता. तुमच्या बहिणीने तेहतीस अनारशांचं पीठ तयार करून ठेवलं आणि नेमका मालेगावहून आमच्या रूपालीचा फोन, "बाबा, हे येत नाही म्हणून राह्यले. रुसले तुमच्यावर."

आता मूळ ऐका. रूपालीच्या लग्नाला दोन वर्षं झाली, तरी आम्हा सासरा-जावयांना बोलायला विषय नव्हता. पाऊस आणि सोयाबीन आटोपलं की दोघंही पंख्याकडे बघत बसायचो. शेवटी पवनरावांनी माझ्या मोबाइलवर एक लढाईचा खेळ टाकून दिला. त्यात चौघांची तुकडी असते. ज्याने त्याने आपल्या घरी बसून खेळायचं आणि कानातल्या यंत्रातून एकमेकांशी बोलायचं. पवनराव कमांडर, रूपाली लांब पल्ल्याची बंदूक घेऊन गच्चीवर (कैऱ्या पाडायची तोच नेम), चौथा कोणीतरी अनोळखी, आणि मी कमांडरच्या पाठीशी. खोली आली की एकाने आत घुसायचं, दुसऱ्याने मागून सांभाळायचं, इतकं सोपं. पण दार दिसलं की मी आपोआप बाजूला सरकून म्हणायचो, "जावईबापू, आधी तुमी."

तुम्हीच सांगा, जावयाच्या आधी उंबरा कसा ओलांडू? ते बिचारे आत जायचे आणि धाड धाड, खलास! दाराआड शत्रू असायचाच (आणि तो काही मानपान बघत नाही). मी मागून बंदूक चालवायची, तर मी चष्मा पुसत असायचो. एका रविवारी चौदा वेळा मेले हो. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, आणि मी त्याला चौदा वेळा मरायला धाडलं. पंधराव्या दाराशी ते म्हणाले, "मामाजी, या खेपेले तुमी व्हा पुढं." मी म्हटलं, "छे छे, मान तुमचा." ते म्हणाले, "नाही, तुमी मोठे." असं तुमी-तुमी चालू असताना कोणीतरी आमच्या मधोमध बॉम्ब टाकला. पवनरावांनी खेळ बंद केला आणि माझे फोन घेणंही.

तुमची बहीण भाकरी ताटात आदळायला लागली. पण खरं सांगतो भाऊ, मला अनारशांची काळजी नव्हती. रोज संध्याकाळी सातला कानात "मामाजी, आले का?" असं यायचं, ते थांबलं. घर फार सुनं वाटायला लागलं.

काल धीर करून मीच निरोप धाडला की एक डाव, फक्त एक. ते आले. दार आलं. पवनराव सवयीने पुढे सरले, तेवढ्यात मी "मान गेला खड्ड्यात" म्हणून त्यांच्या आधी आत घुसलो. अर्थात पडलो. पवनरावांनी मागून दोघांना टिपलं, माझ्यापाशी बसले आणि पट्टी बांधत म्हणाले, "हलू नका मामाजी, मी आहो ना." जखम खोटी, पट्टी खोटी, पण मला इकडे ओसरीवर खराच हुंदका आला. मग हळूच विचारतात, "अनारसे झाले काय?"

वहिनींना नमस्कार. म्हशीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

आपला,
जानराव

ता. क. हे पत्र तुमच्या बहिणीने वाचलं. म्हणाली, "चौदा खेपा मेलेला माणूस पंधरा दिवसांत परत आला. अन् तुमी? माह्या भाचीच्या लग्नात दुसऱ्या पंगतीत बसवलं म्हणून अकरा वर्षं माह्या भावाच्या दारी गेले नाही."

ता. ता. क. मीही तुमच्या इंझोरीचा जावईच आहे, भाऊ. महिना सरायला आठ-नऊ दिवस आहेत. अनारसे नसले तरी चालतील, पंगत कितवीही चालेल. फक्त दार उघडं ठेवा. मी सरळ आत येतो. पडलो, तर उचलायला जवळ असा.