धुलाई विभागातील पाचव्या कार्डाबाबत

प्रति,
मा. सर्वेक्षण अधिकारी,
रुग्णालय प्रशासन कार्यालय.

विषय: धुलाई विभागात माणसे चार असताना उत्तरे पाच आल्याने फेरपडताळणी करण्याबाबत.
संदर्भ: आपले पडताळणी प्रमाणपत्र, दि. ३ जून.

महोदय,

मी धुलाई विभागात चादरींना इस्त्री करते. आपल्या निनावी सर्वेक्षणाच्या यंत्राला माझे कामगार-कार्ड लावून मी खरे तेच लिहिले: वाफेच्या इस्त्रीयंत्राचे थांबवण्याचे बटण तारेने बांधून ठेवलेले आहे, आणि त्यापायीच माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, हात यंत्रात सापडला. त्या दुखण्यातून ती उठली नाही.

१. पाचांपेक्षा कमी उत्तरे आल्यास त्या विभागाचा निकाल उघडायचा नाही, हा आपलाच नियम. विभागात कार्ड असलेल्या आम्ही आता चौघीच, म्हणून निर्धास्तपणे लिहिले. तरीही निकाल फळ्यावर लागला, तोही प्रमाणपत्रासह: "पाच वेगवेगळी पात्र कार्डे, प्रत्येकाचा वापर एकदाच." दुसऱ्याच दिवशी पर्यवेक्षकांनी आम्हाला एकेकीला आत बोलावले. "तारेचं कोणी लिहिलं ते सांगा, नाहीतर चौघींचीही बदली."

२. संगणकवाल्या दादांना मी विचारले. ते म्हणाले, "ताई, कार्डात एक गुप्त आकडा असतो. कार्ड यादीतलं आहे आणि आधी वापरलेलं नाही, एवढंच यंत्र ताडून बघतं. नाव त्याला कळतच नाही." माझा यंत्रावर संशय नाही. ते पाच म्हणते, म्हणजे पाच कार्डे लागलीच असणार. आक्काचे कार्ड मी स्वतः पर्यवेक्षकांकडे जमा केले होते. त्यांनी ते माझ्यादेखत खणात टाकले, पण यादीतून काढलेले दिसत नाही. त्या खणाची किल्ली एकच आहे आणि ती त्यांच्या खिशात असते.

३. आम्हा चौघींपैकी कोणाचेच नसलेले, फळ्यावरचे पाचवे उत्तर असे: "यंत्र सुरक्षित आहे. काही तक्रार नाही." महोदय, चहा जरा गार आला तरी आक्का सगळा विभाग डोक्यावर घेत असे. काही तक्रार नाही, हे शब्द तिच्या तोंडून जन्मात कोणी ऐकलेले नाहीत.

४. आपल्या कार्यालयाकडे चौकशी केली असता असे कळले की, पाचवे कार्ड कोणाचे हे पाहिल्यास उत्तर देणारीच्या गोपनीयतेचा भंग होतो, सबब तिची लेखी संमती आणावी. ती आणायला मी कुठे जावे, तेही कृपया लेखी कळवावे.

तरी विनंती की, आजच्या हजेरीपटावरून नवी यादी करून पुन्हा पडताळणी व्हावी. कोणी काय लिहिले ते पाहू नये, वापरलेल्यांपैकी किती कार्डे नव्या यादीत बसतात तेवढेच मोजावे. चार भरली तर पाचवे उत्तर रद्द करावे. ज्या यंत्राने आक्का गेली ते सुरक्षित आहे, असे तिच्याच कार्डाने सांगावे, हे मला सहन होत नाही.

बाकी तिघींना त्रास देऊ नये. तारेचे मी लिहिले आहे. खाली सही करते, म्हणजे कोणाला शोधत बसावे लागणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
आक्काची धाकटी बहीण,
इस्त्री कामगार, धुलाई विभाग
दि. १९ जून

सोबत:
१. आक्काचे कार्ड जमा केल्याची पोच, पर्यवेक्षकांच्या सहीनिशी.
२. आक्काच्या मृत्यूचा दाखला.
३. तार. आज सकाळी मी ती बटणावरून सोडवली.