साहेबांचं नाक

४ मार्च, सोमवार

साहेब गेले. आठवडाभर नाहीत. "घरगुती काम आहे," एवढंच म्हणाले, लहानशी बॅग उचलली आणि टॅक्सीत बसले. टॅक्सी वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत जावईबापूने पाय टेबलावर टाकले. बूट काढून! मोजे ओले होते. शी.

किल्ल्या साहेबांनी त्याच्याच हातात दिल्या. मी इथली हेड, तरी माझ्या नाही. का, ते विचारायची माझी पद्धत नाही.

खरं नाव सगळे विसरलेत त्याचं. कामावर लागला तेव्हापासून सगळं हातात आणून द्यावं लागतं — चहा, पाणी, खुर्ची — म्हणून जावईबापू. आणि काम काय, तर सगळ्यात नाजूक. प्लास्टरवाला दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या मापांवरून साचे बनवतो, जावईबापू त्यात गुलाबी हिरड्यांचा मसाला दाबून भरतो आणि साचे गरम पाण्याच्या टाकीत ठेवतो. मंद आचेवर, दिवसभर. मग मी कवळी साच्यातून सोडवते, घासते, चकाकी आणते. आणि शेवटी साहेब हुंगतात.

हो, हुंगतात. प्रत्येक कवळी नाकाशी धरायची, डोळे मिटायचे, एक श्वास. शिजायची राहिली असेल तर मसाला कालवायचं लिक्विड आत राहतं आणि वास मारतं. असली कवळी तोंडात गेली की माणसाच्या हिरड्या सोलून निघतात. "कच्ची आहे" एवढे दोनच शब्द म्हणतात साहेब, पण ते ऐकावे लागू नयेत म्हणून आम्ही सगळे जिवाचं रान करतो. जाताना बजावून गेलेत — झालेलं काम ट्रेमध्ये ठेवा, मी हुंगल्याशिवाय एकही कवळी बाहेर जाणार नाही.

साहेब निघायच्या जरा आधी माझ्या पॉलिशच्या मोटरची वायर जळाली. काय तो वास! आम्ही सगळे नाक दाबून खिडक्यांकडे धावलो. साहेब आपले मोटरशेजारी उभे राहून शांतपणे सूचना देत होते. याला म्हणतात मुरलेला माणूस.

५ मार्च, मंगळवार

रान मोकळं मिळालं की माणसं कशी होतात ते बघायचं असेल तर आमच्याकडे यावं. दुपारपर्यंत एक साचा भरला गेला नाही. प्लास्टरवाल्याने दोन नमुन्यांचे जबडे हातात घेतले आणि त्यांचं भांडण लावून दिलं, नवरा-बायकोचं. दात कडाकडा वाजवत. फोन घेणारी पोरगी हसून हसून खुर्चीवरून घसरली. फोन वाजत होता, वाजून थांबला.

मग एका जबड्याला सिगारेट दिली. दातात धरून, पेटवून! त्या जबड्याची मापं कुणाच्या तरी तोंडातून घेतलेली आहेत. कुणाच्या तरी आजोबांच्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "लाज वाटत नाही का?"

"हेडबाई," जावईबापू म्हणाला, "साहेब येईपर्यंत काही बाहेर जाणारच नाहीये. मग घाई कुणाला?"

 यावरचं उत्तर मला घरी येताना सुचलं, पण घरी येताना सुचलेल्याचा काय उपयोग?

६ मार्च, बुधवार

प्लास्टर कालवायच्या भांड्यात चहाचे कप. कपांत सिगारेटची थोटकं. मी माझा कप कागदात गुंडाळून घरी घेऊन आले.

७ मार्च, गुरुवार

आईच्या कवळीचं काम आज जावईबापूकडे गेलं.

दात काढल्यापासून आई तोंडासमोर हात धरून बोलते. माझ्याशीसुद्धा. जेवायला आमच्यासोबत बसत नाही, नंतर स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून पातळ काहीतरी पिते. आमच्या घरात सगळ्यात मोठ्याने हसणारी बाई ही! खाली रस्त्यावर ऐकू जायचं तिचं हसणं. आता हसू आलं की उठून आत जाते.

आणि रविवारी मावशी येतेय. कितीतरी वर्षांनी. गेल्या खेपेला दोघी बहिणींचं कशावरून तरी वाजलं होतं, मग फोनही बंद झाले. आता मावशीने आपणहून कळवलंय, येते म्हणून. आई दोन दिवस पडदे धूत होती. काल हळूच म्हणाली, "ताईसमोर तरी मला दात असू देत गं."

साहेब सोमवारी येणार. म्हणजे नियमाने आईची कवळी सोमवारपर्यंत ट्रेमध्ये पडून राहणार. मी आईच्या दातांच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, न्या घरी, तोंडात बसवून बघा, थोडं खुपलं तर नंतर बघू. आपल्याच आईचं काम आहे, मी थोडीच परक्याला देतेय. साचा मी स्वतः जावईबापूच्या हातात दिला. म्हटलं, "हा माझ्या आईचा आहे. उद्या टाकीत नीट दिवसभर राहू दे." त्याने छातीवर हात ठेवला. "तुमची आई ती माझी आई."

असं बोलणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

८ मार्च, शुक्रवार

किळस. किळस. किळस. आज दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

दुपारी मी नवीन वायर आणायला बाजारात गेले होते. परत आले तर दारातच वास. गंधकाचा, उबट. आत बघते तर ज्या टाकीत आम्ही लोकांच्या कवळ्या शिजवतो त्या टाकीत हे लोक अंडी उकडत होते! जाळीत अंडी, वर वाफ, भोवती तिघे उभे. फोनवाली पोरगी मीठ घेऊन. टाकीचा काटा शेवटपर्यंत फिरवलेला, पाणी खदखदतंय. त्या पाण्यावर गुलाबी मसाल्याचा तवंग असतो. मेणाचे कण असतात. आणि ते सोलून सोलून खात होते.

"घ्या हेडबाई, एक," प्लास्टरवाला म्हणाला. तोंडात पिवळं.

मी जे बोलायचं ते बोलले. बरंच बोलले. जावईबापूने टरफल माझ्या टेबलाच्या कडेवर फोडलं आणि म्हणाला, "किती नाकाने कांदे सोलाल? साहेब असते तर साहेबांनीही खाल्लं असतं."

साहेब! त्यांना दारातूनच कळलं असतं. धडगत नव्हती एकाचीही.

आईचा साचा बाजूला काढून ठेवलेला होता. "झालाय, घ्या," जावईबापू म्हणाला. रागाच्या भरात वेळही न बघता मी तो सोडवला. दात सुंदर बसले होते. नाका-तोंडावर फडकं बांधून संध्याकाळपर्यंत पॉलिश केलं, इतकं की हिरड्यांवर खिडकीची चौकट दिसत होती. डबीत घातली, डबी पर्समध्ये. घरी आले. आईने आरशासमोर एकदा लावून पाहिली, लगेच काढली, म्हणाली, "उद्या सवय करते." आणि हसली. हात न धरता!

९ मार्च, शनिवार

सकाळी आईने कवळी लावली आणि बिस्कीट खाल्लं. चहात न बुडवता. मला दाखवून खाल्लं. मी कपडे वाळत घालून आत आले तर न्हाणीघरात नळ सुरू. आई चुळा भरत होती, थांबतच नव्हती. "काय झालं?" तर मान हलवते. डोळ्यांतून पाणी. तोंड उघडायला लावलं. वरच्या हिरड्या लालभडक, टाळूवर पांढरे चट्टे.

तेव्हा मी कवळी नाकाशी धरली. तेव्हा!

लिक्विड. तीक्ष्ण, डोळ्यांत जाणारं. कच्ची. इतकी कच्ची की शिकाऊसुद्धा सांगेल. आणि मी काल संध्याकाळपर्यंत ती हातात घेऊन बसले होते. तोंडावर फडकं होतं. खोलीभर अंड्यांचा वास होता. आणि खरं म्हणजे हुंगायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ते साहेबांचं काम. मी फक्त चमकवते.

तशीच कामावर गेले. जावईबापू बाकावर आडवा पडला होता. विचारलं, साचा टाकीतून कधी काढलास? आधी आठवेना. मग आठवलं. "जाळीत जागा नव्हती हो. अंडी कुठे ठेवणार? दुपारीच काढला. होतं ना झालेलं, जवळजवळ."

जवळजवळ.

"आणि तुम्ही ती घरी नेलीत कशी?" उलट मलाच विचारतो. "साहेबांनी बघितल्याशिवाय न्यायची नाही ना?"

मी पर्स उचलली आणि निघाले.  त्यांची किळस येते, येतेच, पण आज जिना उतरताना माझीही आली. चार दिवस त्यांना शहाणपण शिकवत होते आणि नियम मोडला तो मी. आईच्या तोंडात कच्ची कवळी घातली ती मी.

१० मार्च, रविवार

मावशी आली आणि गेली.

आईने मला शपथ घातली होती, ताईला काही सांगायचं नाही. हिरड्या सुजलेल्या, बोलताना दुखतंय, त्यात तोंडासमोर रुमाल. मावशी बोलत राहिली. जुने शेजारी, तिची सून, तिचे गुडघे. आई मान हलवत होती. मावशीने एक जुनी गंमत काढली, दोघींच्या लहानपणची. सांगता सांगता स्वतःच हसायला लागली आणि आईकडे बघायला लागली, ही आता हसेल म्हणून. आई उठून आत गेली.

मावशीचा चेहरा उतरला. तासाभराने निघाली. मी खाली सोडायला गेले तर फाटकाशी माझा हात धरून म्हणाली, "अजून रागावलीये का गं ती माझ्यावर? मी आपणहून आले तरी?"

मी म्हटलं, "नाही गं मावशी, तिला बरं नाही."

तिला ते पटलं नाही. मलाही पटलं नसतं.

११ मार्च, सोमवार

साहेब आले. काय ते चित्र! प्लास्टरवाला साच्यात डोकं खुपसून बसलेला. फोनवाली पहिल्याच घंटीला फोन उचलते. जावईबापूने स्वतःचा चहा स्वतः आणला.

मी चहाडी करणार नव्हते. ठरवलं होतं, करायची गरजच नाही. आईची कवळी ट्रेमध्ये ठेवली, बाकीच्यांच्या मधोमध. म्हटलं, हे नाकच सांगेल सगळं. मग विचारतील कच्ची कशी राहिली, मग जावईबापू आणि मी, दोघंही त्यांच्यापुढे उभी राहू. मला चालणार होतं.

साहेबांनी एकेक कवळी उचलली. नाकाशी, डोळे मिटून, एक श्वास. आईची उचलली.  नाकाशी धरली, डोळे मिटले, श्वास घेतला.

"छान," म्हणाले. "पाठवा."

मला वाटलं नीट ऐकलं नाही मी. पण त्यांनी पुढची उचलली होती. म्हणजे सांभाळून घेतलं! जावईबापूला. सगळं कळूनसुद्धा. इतकी वर्षं ज्या माणसाच्या दोन शब्दांना घाबरून काम केलं, तोही त्यांच्यातलाच निघाला. अंडी खाणाऱ्यांची शिसारी आली होती, त्याहून जास्त साहेबांची आली. रात्री जेवले नाही.

१२ मार्च, मंगळवार

आज राहवलं नाही. साहेबांच्या खोलीत गेले, दार लावलं, आईची कवळी त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "ही माझ्या आईची आहे. पुन्हा हुंगा."

त्यांनी उचलली नाही.  मग हळू आवाजात मलाच विचारलं, "कच्ची आहे का हो?"

वर्षभर झालं, त्यांना कसलाच वास येत नाही. आठवडाभर त्याच्याच डॉक्टरांकडे होते. वास आता परत कधी येणार नाही, म्हणाले डॉक्टर. साहेबांनी आईची माफी मागितली, नवी करायला घेऊ म्हणाले, आणि ट्रे माझ्याकडे सरकवला. "माझ्या आधी तुम्ही हुंगत जा. मी नुसती नाकाशी धरीन. बाहेर कळलं तर हे लोक एक साचा पुरता शिजवायचे नाहीत."

बाहेर आले. जावईबापू दाराशीच घुटमळत होता. "काय म्हणाले?"

म्हटलं, "म्हणाले, टाकीला अंड्यांचा वास येतोय."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. संध्याकाळपर्यंत एकटाच टाकी घासत होता.