ओल्या ट्रॅकचं सेटिंग

पप्पा,

परवा रविवारी तुमच्या नातीची शर्यत होती. सकाळभर पाऊस, म्हणून तिची गो-कार्ट मी ओल्या ट्रॅकसाठी लावली: पुढची चाकं बाहेर, मागची आत, सीट वर. पाना फिरवताना एमआयडीसीतली तुमची पत्र्याची शेड डोळ्यांपुढे आली. पुण्याच्या हौशी मंडळींच्या कार्ट तिथे दुरुस्तीला यायच्या. मी कॉन्व्हेंटच्या गणवेशात ऑइलच्या डब्यावर बसले आहे आणि तुम्ही सांगताय, "मागच्या दोनी चाकांना दांडा एकच हाय. वळताना आतलं चाक जरा उचललं पायजे, न्हाई तर गाडी सरळच जाती. कोरड्यात पकड आसती, ते आपसूक उचलतं. पावसात आपन उचलाया लावायचं. काय मॅडम, तुमच्या सिस्टरनी शिकवलं न्हाई व्हय हे?" गणवेशाला डाग पडले म्हणून त्या संध्याकाळी आईने आपल्या दोघांनाही फैलावर घेतलं.

शर्यतीच्या तोंडावर ऊन पडलं. ट्रॅक झरझर वाळू लागला. सगळे आपापल्या गाड्या कोरड्यासाठी बदलू लागले, मीही पाना उचलला. पण अलीकडे माझ्या बोटांत जोर राहिलेला नाही, पप्पा. नट हलेना. पाना पुन्हा पुन्हा निसटला. लेक हेल्मेट घेऊन शेजारी उभी होती, माझ्या हातांकडे बघत. तिने पाना मागितला नाही. मागितला असता तर मला काय वाटलं असतं, हे तिला ठाऊक होतं. मग म्हणाली, "राहू दे मम्मी, ओल्याचंच ठेव. परत येईल बघ पाऊस." सकाळी जिकडून पाऊस आला, त्या राहुरीच्या बाजूलाही आभाळ स्वच्छ निळं होतं.

पाऊस आला नाही. प्रत्येक वळणावर आतलं चाक नको तितकं उचललं जाऊन तिची कार्ट बेडकासारखी उड्या मारत होती आणि एकेक जण तिला मागे टाकत होता. वर्षभर राबली होती ती या शर्यतीसाठी. परत आली तेव्हा हसली. "अंदाज चुकला माझा."

घरी येताना मी म्हटलं, "पुढच्या वेळी एखादा मेकॅनिक बघ. मी थकले आता." तुम्हाला आता पत्ता नाही, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल, थोडी भांडेल. ती लगेच "बरं" म्हणाली आणि समोर बघत गाडी चालवत राहिली. मला ते फार लागलं.