मखरासाठी घेतलेला कळस

कलकत्ता, रविवार, मार्च १९७२

ह्यांची पुण्याला बदली झाली, म्हणून आज आम्ही दोघं एस्प्लनेडच्या फुटपाथवर घरच्यांसाठी काहीबाही घ्यायला गेलो. सासूबाईंनी एकच मागितलंय, गणपतीच्या मखराला शोभेल असं इकडचं काहीतरी. एका म्हाताऱ्याकडे भेंडाचे पांढरेशुभ्र, निमुळते कळस टांगलेले दिसले. दोन्ही बाजूंना फुलांच्या माळा लोंबत होत्या. मी लगेच एक उचलला. किती हलका!

तर म्हातारा मला वहिनी म्हणून हाक मारत विचारतो, "बौदी, दूल्हा कहाँ है?"

कळस कसला, तो टोपोर निघाला, बंगाली नवरदेवाचा मुकुट! इतकी वर्षं इथे राहून एवढं कळू नये मला? मी तो परत ठेवणार, तेवढ्यात ह्यांनी सरळ स्वतःच्या टकलावर चढवला आणि म्हणाले, "दूल्हा हाजिर है!" भर रस्त्यात! बँकेतला साहेब माणूस! लोक हसताहेत आणि हे गंभीर चेहऱ्याने उभे. माळा कानांपाशी थरथरत होत्या, अगदी मुंडावळ्यांसारख्या.

लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मी मान वरच केली नव्हती. मुंडावळ्या बांधून हे कसे दिसत होते, मला काय माहीत! आज मात्र डोळे भरून पाहून घेतलं.

आता टोपोर कपाटावर आहे. पंख्याच्या वाऱ्याने माळा अजून थरथरताहेत. मघाशी ह्यांनी विचारलं, "आईला आवडेल ना गं?" मी हो म्हटलं.

उद्या सासूबाईंसाठी दुसरं काहीतरी शोधायला हवं. हा मी देणार नाही.